पळपाण्यावरची ओटी

सांगलीकरांना काहीही नवीन दाखवा, ते आधी त्याला नावं ठेवतात आणि मग त्याच्यासाठी रांग लावतात. कृष्णाकाठच्या नव्या बागेचंही तेच झालं. वर्षभर जो तो येता-जाता म्हणत होता की नदीत कसली आलीय बाग, पहिल्या पुराला सगळं हरिपूरला जाऊन बसेल. आणि आज, बाग खुली व्हायला अजून आठवडा होता, नुसत्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं, तर घाटावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आपल्याला एवढे नातेवाईक आहेत हे कर्मचाऱ्यांनाही आजच कळत होतं.

प्रणाली हारुगडेला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. झोपाळे, घसरगुंड्या, भेळेच्या गाड्या, सावलीचे कट्टे, हे सगळं इतरांनी केलेलं होतं आणि छान झालं होतं. पण लोक आले होते ते तिनं केलेली गोष्ट बघायला. घाटापासून समोरच्या सांगलवाडीपर्यंत नदीवर एक लांबलचक पट्टा पसरला होता. जाड विणीच्या कापडाची पन्हळ, दोन एसट्या शेजारी-शेजारी जातील इतकी रुंद, दोन्ही कडांना हवा भरलेल्या नळ्या, आणि आत कमरेइतकं पाणी. नदीचंच पाणी, फक्त त्यात प्रणालीनं थोडं काही कालवलेलं. त्या पाण्यावरून माणसं चालत पलीकडे जाणार होती.

तिनं त्या पाण्याला एक भारदस्त शास्त्रीय नाव दिलं होतं. चाचणीला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि 'पळपाणी' म्हणायला सुरुवात केली. पळत राहिलं तर माणूस वर राहतो आणि थांबला की आत जातो, मग दुसरं काय म्हणणार. आता प्रणालीही तेच म्हणायची.

पहिला मान पोरांचा, हे तिनंच ठरवलं होतं. अनवाणी पाय, अंगात तरंगती जाकिटं. रांगेत सगळ्यात पुढे तिची आठ वर्षांची ओवी होती, आणि ती पुढे कशी आली हे विचारण्यात काही अर्थ नव्हता. शिट्टी वाजली आणि ओवी सुटली. थप थप थप थप. पावलाखालचं पाणी क्षणभर पांढुरकं व्हायचं आणि पाऊल उचललं की पुन्हा हिरवट. मागोमाग सगळी पलटण. भर नदीत पोरं धावत होती, आणि आयर्विन पुलावर लोक गाड्या उभ्या करून कठड्याला लोंबकळत बघत होते. कोणीतरी पुलावरूनच विचारलं की तिकीट कधी सुरू होणार. वर्षभर नावं ठेवणाऱ्यांतलाच असणार तो.

"आई, पायाखाली कणकेवर चालल्यासारखं वाटतंय," ओवी लांबूनच ओरडली आणि न थांबता वळून पुन्हा पळाली. प्रणालीला वाटलं, आपणही चपला भिरकावून हिच्यामागे सुटावं. पण हातात वायरलेस होता, गळ्यात ओळखपत्र होतं, आणि मोठं काम तर पुढेच होतं.

ही सगळी करामत इचलकरंजीतल्या एका पिंपात सुरू झाली होती. तिचे वडील तिथं सायझिंगमध्ये कामाला होते. सूत मागावर चढायच्या आधी त्याला खळ लावतात, म्हणजे ते ताणाला तुटत नाही. शिजवायच्या आधी स्टार्च पाण्यात कालवून ठेवायचे, त्या पिंपापाशी छोटी प्रणाली खेळायची. बोट हळू घातलं की आत जायचं, बुक्की मारली की हात झिणझिणायचा. एकच पाणी दोन स्वभावाचं कसं, हा प्रश्न तिच्या डोक्यात जो शिरला तो गेलाच नाही.

उत्तर तसं सोपं आहे. पिठाचे कण पाण्यात सुटे असतात. हळू ढकललं तर ते एकमेकांना वाट देत बाजूला सरतात. दणका दिला तर सरायला सवडच मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात आणि त्यांची क्षणभराची भिंत होते. जत्रेत देवळाच्या दारात सगळ्यांनी एकदम घुसायचं ठरवलं की कोणीच आत जात नाही, तसं. दणका ओसरला की भिंतही विरघळते. हा प्रयोग शाळेतली पोरंही करतात. अडचण एवढीच, की त्याला निम्मं पाणी आणि निम्मं पीठ लागतं, आणि नदीत एवढं पीठ कालवायचं तर जिल्ह्यातल्या भाकरी बंद कराव्या लागतील.

प्रणालीनं पिठाऐवजी चिंचोके घेतले. त्यांच्या गरापासून तिनं केसाहून बारीक तंतू तयार केले, दोन्ही टोकांना आकडा असलेले. हे तंतू नुसते एकमेकांवर आदळत नव्हते; दणका बसला की एकमेकांना धरत होते आणि ओसरला की सोडून देत होते. त्यामुळे बादलीभर पाण्याला मूठभर पुरायचे. माशांनी खाल्ले तरी त्यांना पचायचे, आणि राहिलेले काही दिवसांत कुजून जायचे.

आणि बाग हे नुसतं निमित्त होतं. खरं काम होतं पुराचं. गल्लीत पाणी शिरलं की होडी पोचेपर्यंत माणसं माडीवर अडकून बसतात. अशा वेळी खिडकीपासून उंचवट्यापर्यंत पन्हळ पसरायची, तिच्यात पुराचंच पाणी भरून घ्यायचं, चिंचोक्याची भुकटी टाकायची आणि माणसांनी आपापल्या पायांनी बाहेर यायचं. पण पुराच्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर पाऊल टाकायला कोण धजेल? आधी हसतखेळत सवय व्हायला हवी, पोराबाळांसकट, खाऊन-पिऊन. म्हणून ही बाग, आणि म्हणून आज पोरांनंतर मोठ्यांची पाळी.

मोठ्यांत पहिले उतरले इनामदार साहेब. सुरक्षा समितीचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, सरळ माणूस. "कागदावर माझा विश्वास नाही, मी स्वतः चालून बघणार," असं म्हणून त्यांनी पँट दुमडली आणि पळपाण्यावर पाऊल टाकलं. झपाझप निघाले. चाल उत्तम होती, प्रणाली मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर देत होती. आणि भर वेगात साहेब थांबले. वाकले, पाण्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावायला हात वर नेला, तोवर ते गुडघ्यापर्यंत आत गेले होते.

साहेबांनी पाय सोडवायला हिसडा मारला. पळपाण्याला हिसडा म्हणजे दणकाच, त्यानं पाय आणखी आवळून धरला. साहेबांनी दुसरा हिसडा मारला. काठावरचे रक्षक ओरडत होते, "हळू, साहेब, हळू. झोपेत कूस बदलल्यासारखा पाय काढा." साहेबांना तेवढा धीर कुठला. शेवटी दोघांनी दोरी टाकून त्यांना आडवं केलं आणि सावकाश ओढत काठाला आणलं. पँटची इस्त्री तेवढी कृष्णार्पण झाली.

"साहेब, थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना," प्रणाली म्हणाली.

"अहो, नदीला पाय लागला," इनामदार म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, असाच त्यांचा चेहरा होता.

प्रणालीला वाटलं, एखाद्याचं होतं असं. पण मागून हिशेबनीसाची आई आली, ती थांबली आणि वाकली. माळ्याचे वडील आले, ते थांबले आणि वाकले. एका रक्षकाचे मामा तर नमस्कार करून डोळे मिटून उभे राहिले आणि मांडीपर्यंत गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग लाऊडस्पीकरवरून सांगितलं, की ज्येष्ठ मंडळींनी नमस्कार कृपया घाटावरूनच करून यावा. मंडळींनी तो घाटावरूनही केला आणि पाण्यावर गेल्यावरही केला. नदीला पाय लागला की हात जातोच. तो डोक्याची परवानगी घेऊन जात नाही.

तिच्या एवढ्या चाचण्यांत हे एकदाही घडलं नव्हतं. चाचण्या पुण्यात झाल्या होत्या, कॉलेजच्या पोरांवर, सिमेंटच्या टाकीत. टाकीला कोण नमस्कार करतो?

टॉवेलनं पाय पुसत इनामदारांनी निर्णय सांगितला. "पन्नाशीच्या पुढच्यांना बंदी घालावी लागेल, हारुगडे मॅडम." स्वतःच्याच पायांवर बंदी घालणारा असा अधिकारी विरळाच.

"साहेब, पुरात घरात अडकून कोण राहतं? म्हातारी माणसंच की. त्यांना सोडून उरलेल्यांसाठी कशाला हवीय ही वाट? उरलेले पोहूनसुद्धा येतील."

"मला कळतंय ते. पण इथं कमरेएवढ्या पाण्यात, भर दुपारी, मला काढायला दोन माणसं लागली. पुरात कोण येणार काढायला?" त्यांचा आवाज खाली आला. "संध्याकाळपर्यंत काही सुचलं तर सांगा. नाही सुचलं तर सही करतो, पण बंदीसकट."

आणि नेमक्या त्याच वेळी घाटाच्या पायऱ्या उतरून आत्ती आल्या.

आत्ती म्हणजे प्रणालीच्या सासूबाई, कांचन हारुगडे. त्या भागातल्या रीतीप्रमाणे ती सासूला आत्ती म्हणायची. वय सत्तर, अंगावर ठेवणीतली इरकल साडी, हातात पिशवी. मागून सासरे आप्पा आणि नवरा रणजित. आप्पांनी आल्या आल्या पायरीवर बसकण मारली, सगळ्यांच्या चपला स्वतःपाशी गोळा केल्या आणि भडंगाचा पुडा उघडला. नदीवर चालण्यात त्यांना रस नव्हता. नदी बघत भडंग खाण्यात होता.

"चल गं," आत्ती म्हणाल्या. "कुठनं उतरायचं?"

"आत्ती, आज नको." प्रणालीनं सगळं सांगितलं. साहेबांचं रुतणं, हिसड्यानं पाणी आवळतं ते, संध्याकाळची सही.

आत्तींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत खण, नारळ आणि तांदूळ होते.

"मला नुसता नमस्कार न्हाई करायचा. मधोमध उभी राहून तिची ओटी भरायचीय."

"उभी राहून? आत्ती, त्याच्यावर क्षणभरही उभं राहता येत नाही. काठावरून सोडा की ओटी."

"काठावरनं सगळ्याच सोडत्यात." आत्ती पायरीवर टेकल्या. "तुला ठाऊक न्हाई, तू तवा शाळंत हुतीस. एकोणीस सालचा पूर, वीस वर्सं झाली त्याला. गावभागात आमच्या घरात ती आली, न बोलावता. माजघरात छातीएवढं पाणी. आमी माडीवर. बाई घरात आली आन् मूठभर तांदूळ कोरडं न्हवतं तिच्या ओटीत घालायला. आली तशी गेली, रिकाम्या ओटीनं. आता मी तिच्या घरी जाणार आन् घरात उभी राहून भरणार."

प्रणालीनं त्या पुराच्या गोष्टी सगळ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. वाहून गेलेलं कपाट, कुजलेलं धान्य, भिंतीवरची पाण्याची रेघ. आत्ती त्यातलं कधीच काही बोलत नसत. त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं ते हे, की घरी आलेल्या बाईला तसंच पाठवलं.

"पण आत्ती, नियम मीच केलाय. तुमच्यासाठी मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?"

"असलं कसलं पाणी केलंस गं, ज्याच्यावर माणसाला घडीभर थांबता येत न्हाई?" आत्तींचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तू प्रयोगशाळेत असायचीस, मी ओवीच्या वेण्या घालायची. कधी विचारलं न्हाई तू तिथं काय करतीस म्हणून. मला वाटायचं, एक दिवस येईल आन् म्हणंल, चला आत्ती, झालं नदीचं काम. आलीस ती हे सांगायला."

रणजित मध्ये काहीतरी बोलणार, तोच आप्पांनी भडंगाचा पुडा पुढे केला. "घे. तिला पण दे. राग आला की भूक लागती तिला."

प्रणालीनं पुडा घेतला नाही. तिला रडू येत होतं, आणि घाटभर लोकांसमोर ते नको होतं, म्हणून ती ओवीला बोलावून आणते असं सांगून तिथून निघाली. चपला काढल्या, वायरलेस रणजितच्या हातात दिला आणि आज पहिल्यांदा स्वतः पळपाण्यावर उतरली.

आणि खोटं कशाला सांगायचं, दहा-बारा पावलांत तिचं रडू पळालं. टाकीत ती शेकडो वेळा चालली होती, पण टाकीला वारा नसतो. इथं कृष्णेवरचा वारा तोंडावर येत होता, पायाखाली पाणी दाबलं जाऊन पुन्हा उसळत होतं, पाठीमागे घाट, उजव्या हाताला पूल, आणि ती, इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याची पोरगी, नदीवरून धावत होती. आपण हे केलंय, असं तिला त्या क्षणी छातीभरून वाटलं. आत्तींना हे दाखवता येत नाही याचं दुःखही तेवढंच भरून आलं.

ओवी आणि तिची मैत्रीण समिधा मधोमध होत्या. ओवीनं आईला येताना बघितलं आणि तिच्यासाठी थांबायचं ठरवलं. पण पळपाण्यावर थांबायचं कसं? पोरींनी त्यावर आपला उपाय काढला होता. दोघींनी हात तिढ्यात धरले आणि जागच्या जागी फुगडी घातली. पाय धपाधप, वेण्या हवेत, खिदळणं नदीभर. फिरता फिरता ओवीची टोपी उडाली आणि दोघींच्या मधोमध पाण्यावर पडली.

प्रणाली त्यांच्याभोवती पळत फेऱ्या मारत ओरडणार होती, की बास आता, चला. तेवढ्यात तिची नजर टोपीवर गेली. भिजली की ही टोपी दगडासारखी खाली जाते. गेल्या महिन्यात अशीच एक पळपाण्यात गेली होती. ही जात नव्हती. पाण्यावर पडून नुसती थरथरत होती.

पोरी दमल्या, हात सोडून दोन दिशांना पळाल्या, आणि टोपी हळूहळू आत गेली.

"परत फुगडी घाला," प्रणाली म्हणाली.

"आई, दम लागला."

"घाला म्हणते ना. परत घाला."

आईचा चेहरा बघून पोरींनी वाद घातला नाही. फुगडी रंगात आली तशी प्रणालीनं पळता पळता खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दोघींच्या मध्ये टाकला. प्रयोगशाळेच्या, घराच्या, स्कूटरच्या, सगळ्या किल्ल्या. जुडगा पाण्यावर पडला आणि पडूनच राहिला. पितळी किल्ल्या उन्हात चमकत होत्या आणि कृष्णा त्यांना आत घ्यायला तयार नव्हती.

प्रणालीच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. पाऊल आपटलं की त्याच्याखालचे तंतू एकमेकांना धरतात, पण दणका पावलापुरता थांबत नाही, आजूबाजूलाही पसरतो. एकटा माणूस पळतो तेव्हा त्याचा दणका मागे राहतो आणि विरून जातो. पण चहूबाजूंनी दणके बसत राहिले तर मधल्या पाण्याला सुटायला सवडच मिळत नाही, तिथले तंतू हात सोडूच शकत नाहीत. म्हणजे भोवती माणसं नाचत असतील तर मधल्या माणसाला उभं राहता येईल, आणि पुरात म्हाताऱ्यांना असंच मध्ये घेऊन बाहेर आणता येईल. टाकीत तिनं एकेक पोरगा चालवून बघितला होता, कारण एकेक माणूस मोजायला सोपा. आठ-दहा जणांना गोल करून नाचवावं, हे कुठल्या शास्त्रज्ञाला सुचणार.

किल्ल्या उचलून ती जी पळत सुटली ती काठावर येऊनच थांबली. "फेर धरायचाय," तिनं धापा टाकत सांगितलं. "पन्नाशीच्या आतल्या सगळ्या बायका या. पुरुष आले तरी चालेल."

का, कशासाठी, असं कोणी विचारलं नाही. तिकीटखिडकीवरच्या मुलीनं एवढंच विचारलं, "मॅडम, गाणं कुठलं म्हणायचं?"

"कुठलंही म्हण, पण द्रुत लयीत."

माळीणबाई आल्या, दोन महिला रक्षक आल्या, हिशेबनीसाची बायको आणखी तिघींना घेऊन आली, आणि रणजितही आला, ज्याला लग्नाच्या वरातीतही कधी ताल सापडला नव्हता. इनामदारांनी मात्र हात आडवा घातला. "आधी पोतं ठेवा. माणूस मागून." बरोबरच होतं त्यांचं. वाळूचं पोतं मध्ये टाकलं, बायकांनी हात धरले, गाणं सुरू झालं आणि पाय धपाधप पडायला लागले. सुरुवातीला तिघींचा ठेका जमेना आणि पोतं एका अंगाला कललं. माळीणबाई ओरडल्या, "अगं, पंचमीला नाचता तसं नाचा, हापिसात आल्यासारखं काय?" मग जमलं. पोतं वर आलं, सरळ झालं आणि थरथरत तसंच राहिलं. इनामदार काठावर उकिडवे बसून डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होते. गाण्याची कडवी संपली, पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली, तरी पोतं तिथंच.

"आता माणूस चालेल," ते म्हणाले.

आत्ती आधीच उभ्या होत्या, साडीचा काठ वर खोचून. प्रणाली त्यांच्यासमोर आली. "चला आत्ती," ती म्हणाली. "नदीचं काम झालं." आत्तींनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पिशवी छातीशी धरली.

फेर आत्तींना मध्ये घेऊन निघाला. एक माणूस उभं राहावं म्हणून दहा माणसं नाचत होती. घाटावरचे लोक टाळ्यांचा ठेका धरून उभे राहिले, पुलावरून शिट्ट्या आल्या. पोरं जाकिटांसकट फेराबाहेरून पळत होती. आप्पांनी भडंग खाणं थांबवलं. मधोमध पोचल्यावर प्रणालीनं मान हलवली, फेर जागच्या जागी फिरायला लागला, आणि कांचन हारुगडे कृष्णा नदीवर थांबल्या.

त्या बुडाल्या नाहीत. त्यांच्या पावलांभोवती पाणी पांढुरकं, घट्ट आणि थरथरतं होतं. आधी त्या वाकल्या, ते तर होणारच होतं. बोटं पाण्याला लावून कपाळाला लावली. मग सावकाश, माजघरात करावं तसं, खण पाण्यावर ठेवला. खणावर नारळ ठेवला. तो जागीच डुगडुगत राहिला. मग भरल्या ओंजळीनं तांदूळ घातले. काही खणावर राहिले, काही पाण्यावर पडले, आणि दहा जणींच्या पायांच्या ठेक्यावर, हो, रणजितला धरूनच दहा, ते दाणे उडायला लागले. टणाटण, वीतभर उंच. आत्तींनी वाकून पदर पसरला होता, आणि उडणाऱ्या दाण्यांतले चार-पाच त्या पदरात येऊन पडले.

आत्ती पदराकडे बघतच राहिल्या. जिची ओटी भरतात ती बाई त्यातले चार दाणे देणारीच्या पदरात परत घालते. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. गाणं मध्येच बंद पडलं. पाय मात्र पडत राहिले, कारण ते थांबवायचे नाहीत एवढं भान प्रत्येकीला होतं.

"दिलं गं तिनं परत," आत्ती म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "राग न्हाई तिला."

मग त्यांनी ते दाणे चिमटीत धरले आणि फेर फिरत फिरत प्रणाली समोर आली तशा तिच्याकडे सरकल्या. प्रणालीचे दोन्ही हात दोन बाजूंना धरलेले होते. एकीकडे माळीणबाई, दुसरीकडे रणजित. हात सोडला असता तर फेर तुटला असता. तिनं नुसतं आत्तींकडे बघितलं.

"आ कर," आत्ती म्हणाल्या.

तिनं तोंड उघडलं. आत्तींनी ते कच्चे तांदूळ तिच्या तोंडात घातले आणि ओल्या हातानं तिचा गाल पुसला. काठावर इनामदार साहेब पुन्हा पँट दुमडत होते. प्रणालीनं दाणे कडाकडा चावले, रणजितचा हात आणखी घट्ट धरला आणि ती सगळ्यांच्या बरोबरीनं पाय आपटत राहिली.